अंगी लागणं

भाच्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला तेव्हा त्याच्या कानात अजून तांबडी माती होती. पहाटेची मेहनत उरकून तो तसाच घरी आला होता. वय सोळा, वजन ६१ किलो, उजवा कान दोन महिन्यांपूर्वी मोडलेला. एरवी आल्या आल्या दुधाच्या पातेल्याकडं जाणारं पोरगं त्या दिवशी ओट्याशीच थांबलं. म्हणालं, "मामा, हे वाचा. मी पैलवान होऊ शकत नाही म्हणं."

मोबाइलवर बारा पानांचा अहवाल होता. दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, कुणीतरी सांगितलं म्हणून त्याची थुंकी डबीत घालून एका कंपनीकडं पाठवली होती. रंगीत चकत्या, हिरवे-तांबडे बाण, आणि चौथ्या पानावर एका जनुकाचं नाव : एसीटीएन-३. त्यापुढं 'एक्सएक्स'. खाली एक ओळ : ताकद आणि वेगाच्या खेळांना शरीर अनुकूल नाही, लांब पल्ल्याच्या खेळांचा विचार करावा. दाजींनी तो विचार लगेच केलाही होता. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सर, दोन म्हशी पोराच्या खुराकासाठी ठेवल्यात. रक्तातच नसंल तर ओढून-ताणून काय उपयोग? तुम्ही तर जीवशास्त्र शिकवता, तुम्हीच सांगा."

मी उदगीरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, आणि त्याआधी याच गावातल्या तालमीत पाच वर्षं माती अंगाला लावलेली आहे. दाजींना फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमलं नाही. त्या रात्री जे सांगायचं राहिलं ते इथं लिहितोय.

आधी त्या जनुकाबद्दल, कारण ते खोटं नाही. आपल्या स्नायूंत ढोबळमानानं दोन तऱ्हेचे धागे असतात. काही सावकाश पण बराच वेळ काम करणारे, काही झटका देऊन लवकर दमणारे. झटक्याच्या धाग्यांत अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रथिन असतं आणि ते कसं बनवायचं हे एसीटीएन-३ या जनुकात लिहिलेलं असतं. काही माणसांत या लिखाणातल्या ५७७ व्या शब्दात एक अक्षर असं बदललेलं असतं, की वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडतो. आई आणि बाप दोघांकडूनही असाच अर्धवट मजकूर आला तर ते प्रथिन शरीरात अजिबात बनत नाही. अहवालातलं 'एक्सएक्स' म्हणजे हेच. ऑस्ट्रेलियातल्या कॅथरिन नॉर्थ यांच्या चमूनं १९९९ मध्ये दाखवलं, की अशी धडधाकट माणसं जगात भरपूर आहेत, दर पाच-सहा जणांमागं एक. मग २००३ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाचे अव्वल खेळाडू तपासले. वेगाच्या खेळांतल्या लोकांत 'एक्सएक्स' फार कमी सापडले, ऑलिंपिकला गेलेल्या वेगवान धावपटूंत तर एकही नाही.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की झालं, पोराचं भविष्य सापडलं. पण सर्वसाधारण माणसांत या जनुकानं पडणारा फरक दोन-तीन टक्क्यांच्या आसपासचा आहे. स्पेनच्या एका लांब उडी मारणाऱ्या खेळाडूत हे प्रथिन नव्हतं, तरी तो दोनदा ऑलिंपिकला गेला आणि आठ मीटरच्या पुढं उडी मारून दाखवली. निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकत्र बसून स्पष्ट लिहिलं, की असल्या घरपोच चाचण्यांवरून मुलांची खेळासाठी निवड करू नये, कारण तेवढा आधारच नाही. ही ओळ त्या बारा पानांत कुठंच नव्हती, याचा मला फार राग आला. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात निकाल देताना निदान तेवढं तरी सांगायला हवं होतं.

शिवाय कुस्ती म्हणजे शंभर मीटरची शर्यत नव्हे. एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून ओढताना, झटका लागतो हे खरं. पण पट हाताला लागल्यावर पुढचा अर्धा मिनिट समोरचा तुमच्या मानेवर वजन टाकून बसतो, तेव्हा पकड टिकवायला दुसरीच ताकद लागते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंद विसावा. जत्रेतल्या मातीत वीस-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, आणि तरी निकाल लागेना म्हणून पंच बरोबरीत सोडवतात. तेच शरीर मॅटवर एक खेळ खेळतं आणि मातीत दुसरा. भाच्याचा मुख्य डाव कोणता? समोरच्याला चौथ्या-पाचव्या मिनिटापर्यंत दमवायचं, त्याच्या मानेत हात घालून फिरवत ठेवायचं आणि मग आतली टांग. कुणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यालाच सापडलं. अहवालात ते जनुक बघितल्यावर मला वाटलं, कदाचित त्याच्या शरीरानंच हा रस्ता शोधला असेल. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण वाटलं खरं.

दाजींचं 'रक्तातच नसंल तर' हे वाक्य मात्र मनातून जाईना, कारण ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. पहिल्यांदा ऐकलं ते माळेगावच्या यात्रेत. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं ठाणं. मार्गशीर्षात यात्रा भरते, एकीकडं जनावरांचं प्रदर्शन, दुसरीकडं कुस्त्यांचा फड, हलगीचा कडकडाट. आजोबा मला खांद्यावर घेऊन आधी देवण्या बैलांकडं जायचे. वानेरा, बालंक्या, शेवरा असे देवणीचे रंगावरून प्रकार, आणि पलीकडं लाल कंधारीची दावण. आजोबा बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, वशिंडावरून हात फिरवायचे, आणि शेवटी मालकाला एकच प्रश्न : "कुठल्या वळूचा?" दुपारी फडात बसल्यावर एखादं पोरगं शड्डू ठोकत आत आलं की शेजारच्याला तोच प्रश्न, फक्त शब्द वेगळे : "कुणाचं हाय?"

बैलांच्या बाबतीत तो प्रश्न बरोबरच होता. जनावरांत पिढ्यान्‌पिढ्या माणूस निवड करतो, वळू ठरवतो, गाय ठरवतो. बेल्जियममध्ये 'बेल्जियन ब्लू' नावाची गुरं आहेत, त्यांच्या मांड्या बघितल्या तर वाटतं जनावरानं हजार बैठका मारल्यात. स्नायूंची वाढ आवरून धरणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन त्यांच्यात बिघडलेलं असतं. १९९७ मध्ये हे उलगडलं. पुढं २००४ मध्ये जर्मनीतल्या एका लहान मुलातही तसाच बदल सापडला. माझ्या वर्गात तालमीतली दोन-तीन पोरं असतात, हा भाग आला की ती सरसावून बसतात. मग मी पुढचं सांगतो : त्या गाईची वासरं इतकी दांडगी असतात, की बहुतेक वेळा गाईचं पोट फाडूनच बाहेर काढावी लागतात. आणि एका जनुकानं एवढा फरक पडावा हे फार क्वचित घडतं. माणसाची उंची, ताकद, दम यांमागं शेकडो-हजारो जनुकं थोडा थोडा हातभार लावत असतात. त्यांची बेरीज अजून कुणाला नीट मांडता आलेली नाही.

आणि आपल्याकडं 'रक्तात असतं' हे वाक्य कुस्तीपाशी थांबत नाही. कुणाच्या रक्तात काय आहे हे आडनाव ऐकून ठरवणारी माणसं आपल्या गावात, आपल्या घरात आहेत. म्हणून वर्गात मी हा आकडा दरवर्षी फळ्यावर लिहितो : माणसा-माणसांतल्या जनुकीय फरकांपैकी साधारण ८५ टक्के फरक एकाच समाजातल्या माणसांमध्ये असतो. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये हे मांडलं आणि नंतरच्या मोजण्यांतही ते टिकलं. म्हणजे आडनावावरून पोराची मांडी ओळखता येत नाही. जनुकशास्त्राचं नाव घेऊन कुणी जुनीच उतरंड नव्यानं मांडायला लागला तर त्याला हे शास्त्रच आडवं येतं.

मराठवाड्याची कुस्ती बघा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत 'मामा' म्हणून त्यांनी पिढी घडवली. लातूरचेच काका पवार ग्रीको-रोमनमध्ये अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले आणि मग वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे या दोघांच्याही हाताखालून गेला, २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. घराण्यात कुस्ती असणं उपयोगी पडतंच, पण इथं जे घराणं चालत आलं ते तालमीचं. मातीतून मातीत.

तरीही सगळं मेहनतीवर आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माझ्याच अंगावर खोटं ठरताना दिसलं आहे.

मी आणि माझा चुलतभाऊ एकाच दिवशी तालमीत दाखल झालो. वय सारखं, घर एक, ताट एक. पहाटे चारला उठून एकाच हौद्यात माती उकरायची. आमच्याकडची माती काळी, ती कुस्तीला चालत नाही. बिदरच्या बाजूनं तांबडी माती आणून त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळलेली असायची. जोर सारखे, बैठका सारख्या, दूध सारखं. सहा महिन्यांत भावाची मान खांद्यात शिरली, दंडाला गोळे आले. माझं वजन दोन किलोनं वाढलं. आजी माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "लेकराच्या अंगी लागत नाही काही." भावाच्या अंगी लागत होतं.

खूप वर्षांनी एम.एस्सी. करताना 'हेरिटेज' नावाचा कौटुंबिक अभ्यास वाचनात आला आणि आजीचं वाक्य आठवून मी पुस्तक मिटून बसलो होतो. अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी बैठं काम करणारी शेकडो माणसं घेतली, कुटुंबंच्या कुटुंबं, आई-बाप आणि मुलं. सगळ्यांना वीस आठवडे सारखाच व्यायाम दिला. नंतर त्यांचा दम मोजला, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते. सरासरी वाढ मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास. पण कुणाची वाढ जवळजवळ शून्य, तर कुणाची एक लिटरच्या वर. आणि एकाच घरातल्या माणसांची वाढ एकमेकांच्या जवळ. कुणाच्या अंगी किती लागतं यातल्या फरकाचा ४७ टक्क्यांपर्यंत वाटा कुटुंबाकडून येतो, असा क्लोद बुशार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हिशोब मांडला. आजीनं शाळा बघितली नव्हती, पण तिच्याकडं या गोष्टीला शब्द होता.

मला कुस्तीतल्या जनुकशास्त्राचं मोल इथं वाटतं. कोण पैलवान होणार हे ते सांगत नाही. सारखी मेहनत सगळ्यांना सारखी बसत नाही, हे मात्र ते ठामपणे सांगतं. आणि आमच्या तालमीचा पायाच मुळी 'सगळ्यांना सारखी मेहनत' हा होता.

वस्तादांना यातलं काहीच कळत नव्हतं असं नाही. एका पोराला दूध पचायचं नाही, पोट फुगायचं, गुरगुरायचं. वस्तादांनी त्याचं दूध बंद केलं, ताक आणि दही लावलं, वर बदाम दोन जादा. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता एका जनुकाशेजारच्या बदलावर अवलंबून असते. भारतात तो बदल वायव्येकडं जास्त आढळतो आणि दक्षिण-पूर्वेकडं कमी होत जातो, आणि तो युरोपातल्या माणसांत आढळतो तोच आहे, हे २०१२ मध्ये छापून आलं. वस्तादांना ते पोट १९९५ मध्येच कळलं होतं. मला जोर कमी करून दोरावर चढायला त्यांनीच लावलं, आणि त्यानंतर माझी पकड सुधारली. नजर होती त्यांच्याकडं. पण ज्या दिवशी ती सगळ्यात जास्त लागणार होती त्या दिवशी ती चुकली.

तालमीत पोरांना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत. एक पोरगा नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाहून, किनवटकडून आला होता, त्याला आम्ही 'किनवट' म्हणायचो. सडपातळ, लवचिक, ढाक अशी मारायचा की समोरचा आभाळ बघूनच उठायचा. पण मेहनतीत मागं पडायचा. तीनशे बैठकांपर्यंत ठीक, मग मांड्या धरून बसायचा. म्हणायचा, पायात जीव राहिला नाही. वस्तादांनी मांडी दाबून बघितली तर गोळा आलेला नाही, स्नायू मऊ. गोळा नाही म्हणजे दुखणं नाही, म्हणजे अंगचोरपणा. शिक्षा म्हणून दोनशे जादा.

१९९७ चा एप्रिल. सकाळी सातलाच पत्रा तापायला लागलेला. पाण्याचा माठ बाहेर लिंबाखाली असायचा, आणि मेहनत संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही हा तालमीचा नियम. मेहनतीत पाणी प्यालं की दम तुटतो, असं सगळेच म्हणायचे. त्या दिवशी पळणं, मग बैठका, मग खांद्यावर जोडीदार घेऊन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला किनवट खाली बसला. "वस्ताद, होईना," म्हणाला. उठवला. पुन्हा बसला. ओठ पांढरे, बोलणं शुद्धीतलं, पण पाय ऐकेनात. तिसऱ्यांदा वस्तादांनी काठी आपटली आणि तो उठला. ते उठणं मला अजून दिसतं. आधी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मग एकेक पाय दुसऱ्याचा असल्यासारखा ओढून घेतला. दहा पावलं चालला आणि आडवा झाला.

आम्ही त्याच्यावर पाणी ओतलं. दुपारपर्यंत तो थोडा सावरला, पण लघवीला गेला तेव्हा मी सोबत होतो. रंग कोऱ्या काळ्या चहासारखा. मी घाबरून वस्तादांना हाक मारली. ते आले, बघितलं, आणि काहीही न बोलता जीप आणायला धावले. नांदेडच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी गाव विचारलं, किनवट ऐकल्यावर रक्ताची एक वेगळी तपासणी केली. सिकलसेलचा वाहक निघाला तो. आजारी नव्हे, वाहक. हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत एक अक्षर बदललेलं. एरवी माणसाला आयुष्यभर कळतही नाही. पण उष्णता, पाण्याचा तुटवडा आणि न थांबता जिवापाड श्रम हे तिन्ही एकत्र आले, की तांबड्या पेशी वाकड्या होऊन अडकतात, स्नायूला रक्त पोचत नाही, स्नायू फुटतो, आणि फुटलेल्या स्नायूचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. स्नायूला गोळा न येता नुसती शक्ती जाणं हीच त्याची खूण. वस्तादांनी दाबून बघितलेली मऊ मांडी.

तो वाचला. महिन्यानं त्याचे वडील ट्रंक न्यायला आले, तेव्हा वस्ताद तालमीच्या मागच्या बाजूला जाऊन बसले होते.

त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान वजन तोडताना, म्हणजे खालच्या गटात बसायला घाईनं वजन उतरवताना, गेले. अंगातलं पाणी काढायला रबरी कपडे घालून तापलेल्या खोलीत व्यायाम. तिथं त्यावर नियम झाले. २००६ मध्ये डेल लॉइड हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा १९ वर्षांचा पोरगा शंभर-शंभर यार्डांच्या सोळा धावा काढून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तोही सिकलसेलचा वाहक होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. त्याच्या घरच्यांनी दाद मागितली, आणि २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंची ही तपासणी सुरू झाली. पण माझ्या मनात बसला तो २०१६ चा अमेरिकी सैन्याचा अभ्यास. जवळजवळ ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिक, त्यांतल्या वाहकांचे स्नायू फुटण्याचं प्रमाण जास्त होतं, पण मृत्यूचं प्रमाण जास्त नव्हतं. त्या सैन्यात पाणी, सावली, विश्रांती आणि उन्हाचा अंदाज याचे नियम सगळ्यांनाच लागू होते, वाहक असो वा नसो.

म्हणजे एका माठाची जागा बदलायची होती.

गेल्या काही वर्षांत तालमीत जाऊन बसायला लागलो तेव्हा मी एक वही सुरू केली. वस्ताद आता ऐंशीच्या घरात आहेत, मॅट त्यांचा शिष्य बघतो, पण सकाळी खुर्ची टाकून ते हौद्याशी बसतात. नवीन पोरगं आलं की मी चार प्रश्न विचारतो. घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं का? पळताना कधी चक्कर आली, छातीत दुखलं का? उन्हात पायातली शक्ती जाते का? सिकलसेलची तपासणी झाली आहे का? पहिल्या प्रश्नामागं एक मोठं कारण आहे. हृदयाच्या स्नायूचं प्रथिन बनवणाऱ्या एका जनुकातली २५ अक्षरं गळालेली असणं हे आपल्या उपखंडात साधारण चार टक्के लोकांत आढळतं. २००९ मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासातून ते पुढं आलं. सगळ्यांना त्रास होतो असं नाही, बहुतेकांना कळतही नाही. पण ज्याच्या घरात असा मृत्यू झाला आहे त्या पोराचा ईसीजी आणि इको आधी, लंगोट नंतर. थुंकीच्या डबीवर घालवायचे पैसे इथं घालावेत, असं मी प्रत्येक बापाला सांगतो.

वहीत पुढं रोजचं वजन, झोप, सकाळी उठल्यावरची नाडी, काय दुखतं. नाडी चार दिवस चढी राहिली की त्या पोराची मेहनत अर्धी. हे कुठल्याही चाचणीशिवाय होतं, आणि पोराच्या जनुकांनी त्या मेहनतीला काय उत्तर दिलं ते यातच उमटतं.

सगळंच मात्र माहीत करून घ्यावं असं मला वाटत नाही. माझी एक विद्यार्थिनी संभाजीनगरला बॉक्सिंग करते. तिनं विचारलं, "सर, एपीओई तपासून घेऊ का?" तिनं वाचलं होतं ते बरोबर होतं : १९९७ मध्ये तीस बॉक्सरांच्या अभ्यासात, ज्यांनी भरपूर लढती खेळल्या होत्या आणि ज्यांच्यात या जनुकाचा 'ई-४' प्रकार होता त्यांच्या मेंदूची इजा जास्त गंभीर आढळली. पण हाच प्रकार म्हातारपणी स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढवतो. अठरा वर्षांच्या मुलीनं ते ओझं घेऊन रोज झोपायचं, आणि तिच्या आई-वडिलांनी, भावंडांनीही, कारण जनुक एकट्याचं नसतं. मी तिला म्हणालो, चाचणी राहू दे, डोक्याला बसणारे ठोसे मोज. सरावातल्या जोरदार लढती कमी कर, डोकं दुखत असताना रिंगणात उतरू नकोस. हे दोन्ही प्रकारच्या जनुकांना लागू आहे. मी बरोबर सांगितलं का, हा प्रश्न अजून मनात येतो. पण आज पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन.

भाच्याच्या अहवालाचं काय केलं? तो घेऊन आम्ही दोघं वस्तादांकडं गेलो. मी चौथं पान वाचून दाखवलं. काही अभ्यासांत असं दिसलंय, की हे प्रथिन नसलेल्यांचे स्नायू भार घेऊन सावकाश खाली उतरताना जास्त दुखावतात, बैठकेत खाली जाताना होतं तसं; काही अभ्यासांत तो फरक दिसत नाही. वस्तादांनी ऐकून घेतलं. मग भाच्याला विचारलं, "बैठका मारलेल्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी जास्त दुखतंय का तिसऱ्या?"

"तिसऱ्या, वस्ताद. जिना उतरता येत नाही."

"मग बैठका आठवड्यातून दोनदाच. मध्ये दोराचं काम." झालं. बारा पानांचा तेवढाच उपयोग होता, आणि तो प्रश्न विचारायला बारा पानं लागलीही नसती. दाजींना मी फोन करून म्हशी ठेवा म्हणून सांगितलं.

उठताना वस्तादांनी मला थांबवलं. किनवटचा फोन आला होता, म्हणाले. इतक्या वर्षांनी. तो आता गावी शेती करतो. त्याचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, गावच्या फडात दोन कुस्त्या मारल्यात, आणि तालमीत यायचं म्हणतोय. सरकारच्या सिकलसेल मोहिमेत मुलाची तपासणी झाली, तोही वाहक आहे. एका बाजूनं वाहक असला की निम्मी शक्यता असतेच.

"काय म्हणालात तुम्ही?" मी विचारलं.

"ये म्हणालो. वजन तोडायला लावणार नाही, ज्या गटात बसतंय त्यातच खेळवू म्हणालो. पाय गेले म्हणाला की बसवू." ते थोडा वेळ थांबले. "त्यानं विचारलं, माठ कुठं हाय आता."

मी मागं वळून बघितलं. माठ हौद्याच्या कडेला होता, आणि भाचा मातीच्या हातांनीच त्यातून तांब्या बुडवत होता.